चार्ट वेळेवर भरलेले, तरी रिजेक्शन का वाढतंय?

प्रश्न : चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मशीन शॉपला आहे. वय ३३, मेकॅनिकल डिप्लोमा. सात वर्षं सेटर (मशीनवर टूल लावून साइज जमवून देणारा) होतो, आठ महिन्यांपूर्वी शिफ्ट सुपरवायझर झालो. माझ्या शिफ्टला २२ माणसं, ९ सीएनसी लेथ आणि ४ व्हीएमसी (संगणकावर चालणारी कातकामाची आणि मिलिंगची मशीनं) आहेत. निम्मी पोरं कॉन्ट्रॅक्टची. पीस मोजून साइज लिहायचे माझे सगळे चार्ट वेळेवर भरलेले असतात, तरी रिजेक्शन (नापास होणारे पीस) दोन टक्क्यांवरून साडेतीनवर गेलंय. मी उभा असलो की काम नीट होतं, पाठ वळली की नाही. पूर्वी बरोबर डबा खाणारी मुलं आता मी आलो की गप्प होतात. एक ज्येष्ठ ऑपरेटर आहेत, सगळे त्यांनाच विचारायला जातात. मॅनेजरसाहेब म्हणाले, "तू मॅनेजमेंट चांगलं करतोस, पण लीडरशिप दिसत नाही." एचआरच्या ट्रेनिंगमध्ये तर "मॅनेजर होऊ नका, लीडर व्हा" असं सांगितलं. म्हणजे उद्या सकाळी सातला शॉपवर जाऊन मी नेमकं करायचं काय? की सरळ परत सेटर व्हावं?

उत्तर : एचआरने सांगितलेलं ते वाक्य आधी बाजूला ठेवा. तुमच्या जागेवरच्या माणसाचं त्याने नुकसानच होतं.

मॅनेजर आणि लीडर या दोन वेगळ्या वृत्तीची माणसं असतात, ही मांडणी हार्वर्डचे प्राध्यापक अब्राहम झालेझनिक यांनी १९७७ मध्ये केली. पुढे १९९० मध्ये तिथलेच जॉन कॉटर यांनी कामांची वाटणी मांडली. योजना, बजेट, माणसं नेमणं आणि नियंत्रण हे व्यवस्थापन. दिशा ठरवणं, माणसांना त्या दिशेला वळवणं आणि त्यांच्यात उमेद जागती ठेवणं हे नेतृत्व. पण एक सोडा आणि दुसरं धरा, असं कॉटर यांनी कुठेही म्हटलेलं नाही. चांगल्या संस्थेला दोन्ही लागतात, हाच त्यांचा मुद्दा होता. तो ट्रेनिंगच्या स्लाइडवर येईपर्यंत अर्धा गळून पडतो.

शिवाय ही चर्चा मुख्यतः वरच्या पदांवरच्या माणसांची. शिफ्ट सुपरवायझरच्या हातात दिशा नसते, बजेट नसतं, कुणाचा पगार नसतो. तुमच्या हातात आहे ते एवढंच: शिफ्टची सुरुवात, मशीनवाटप, नवीन माणसाला शिकवणं, रजा, आणि चूक झाली की पुढची पाच मिनिटं. कागदावर ही सगळी व्यवस्थापनाची कामं आहेत. पण माणसं तुमच्या शब्दावर चालणार की नाही, हे तिथेच ठरतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने कारखान्यांतल्या सुपरवायझरांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम चालवला होता. त्यात सुपरवायझरला पाच गोष्टी लागतात असं धरलं होतं: कामाचं ज्ञान, जबाबदारीचं ज्ञान, शिकवण्याचं कसब, पद्धत सुधारण्याचं कसब आणि माणसांना घेऊन चालण्याचं कसब. पाचवी गोष्ट पहिल्या चारांना सोडून येते, असं तिथे कुणी मानलं नव्हतं.

तुमच्या पत्रातली महत्त्वाची ओळ रिजेक्शनची नाही. "मी उभा असलो की काम नीट होतं," ही आहे. याचा अर्थ काम कसं करायचं ते पोरांना ठाऊक आहे, निदान पुष्कळसं. पण ते तसं का करायचं, हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही; किंवा खरं सांगितलं तर आपलाच तोटा होतो, असा त्यांचा अनुभव आहे. दोन्हींवर उपाय आहे आणि तो भाषणात नाही.

रिजेक्शनपासून सुरू करा

पुढचा एक आठवडा रिजेक्शन कुणी केलं हे लिहू नका. कधी झालं ते लिहा: वेळ, मशीन, आणि त्याच्या आधी काय घडलं होतं. इन्सर्ट (टूलच्या टोकाचा बदलता येणारा कापणारा तुकडा) बदलला होता का, जेवणाची सुट्टी झाली होती का, बारचा नवीन लॉट लागला होता का, शिफ्ट बदलली होती का. आठवड्याअखेर बहुतेक पीस दोन-तीन ठिकाणी गोळा झालेले दिसतील. अर्ध्या तासाच्या सुट्टीत मशीन निवतं आणि पहिल्या काही पीसचा साइज सरकतो, हे तुम्ही सेटर म्हणून जाणता. इन्सर्ट झिजला की बाहेरचा व्यास वाढतो आणि बोअर (आतलं भोक) लहान होतो, हेही जाणता. तुमच्या कॉन्ट्रॅक्टच्या पोराला हे कुणी सांगितलंय का? त्याला "दर तासाला पाच पीस मोज आणि लिही" एवढंच सांगितलेलं असतं.

आता तुमचे ते वेळेवर भरलेले चार्ट हातात घेऊन नीट बघा. एकाच पेनने, एकाच बैठकीत भरलेला चार्ट ओळखू येतो. सगळी रीडिंग मधोमध, एकही काठावर नाही. इन्सर्ट बदलल्याची नोंद आहे पण साइजमध्ये उडी नाही. असा चार्ट चहाच्या वेळी भरलेला असतो. पोरगा आळशी आहे म्हणून तो असं करतो, असं समजू नका. त्याने रीडिंग लिहून काहीच होत नाही, म्हणून करतो. साइज दोन तास एका बाजूला सरकत होता, त्याने तो इमानदारीने लिहिला आणि कुणी फिरकलं नाही, तर तिसऱ्या दिवशी तो मनाने लिहायला लागणारच.

म्हणून चार्टला अधिकार जोडा. समजा व्यास २५ मिमी, टॉलरन्स (चालणारा फरक) उणे-अधिक ०.०२. मधला उणे-अधिक ०.०१ हा हिरवा पट्टा, त्यापुढे ०.०२ पर्यंत पिवळा, त्याबाहेर लाल. नियम असे लावा. पीस हिरव्यात असेल तर चालू ठेवायचं. पिवळ्यात आला तर लगेच दुसरा मोजायचा. दुसराही त्याच बाजूच्या पिवळ्यात आला तर ऑपरेटरने स्वतः ऑफसेट (मशीनमध्ये साइज दुरुस्तीचा आकडा) द्यायचा, कुणाला विचारायचं नाही, फक्त नोंद करायची. एक वरच्या पिवळ्यात आणि एक खालच्या, असं झालं तर ऑफसेटला हात लावायचा नाही. काहीतरी ढिलं आहे किंवा क्लॅम्पिंग नीट नाही, मशीन थांबवून सेटरला बोलवायचं. लाल आला तर मशीन बंद आणि शेवटच्या चांगल्या मोजमापानंतरचे सगळे पीस वेगळे.

'लगेच दुसरा मोजायचा' ही पायरी गाळू नका. एकाच रीडिंगवर ऑफसेट दिला की साइज दुसऱ्या टोकाला जातो, पुढचा माणूस तो परत ओढतो आणि दोघांच्या भांडणात पीस वाया जातात. ऑफसेटची मर्यादाही ठरवून द्या. एका वेळी १० मायक्रॉनपर्यंत (०.०१ मिमी) ऑपरेटरचा हात, त्यापुढे सेटरचा. सुरुवातीला पोरं अधिक-उण्याची चूक करतात, म्हणून पहिले तीन-चार दिवस प्रत्येकाच्या पहिल्या ऑफसेटच्या वेळी तुम्ही किंवा सेटर शेजारी उभे राहा. गप्प उभे राहा. त्याचा हात चुकीच्या बटणाकडे गेला तरच बोला.

चार ओळींच्या या नियमात मॅनेजरसाहेबांना हवी असलेली लीडरशिप आहे. आकड्यांची चौकट तुम्ही दिली आणि चौकटीच्या आत निर्णय त्याचा. पाठ वळल्यावर काम बिघडतं ते निर्णय तुमच्या पाठीबरोबर निघून जातो म्हणून.

लाल पीस हातात घेऊन पोरगा समोर आला की

त्या क्षणी तोंडातून पहिलं वाक्य काय निघतं, यावर सगळं अवलंबून आहे. "कुणी केलं?" असं निघालं तर पुढचा लाल पीस तुमच्यापर्यंत येणार नाही. तो चांगल्या पीसमध्ये मिसळेल किंवा चिपच्या ट्रॉलीत जाईल आणि फायनल इन्स्पेक्शनला नाहीतर ग्राहकाच्या असेंब्लीवर सापडेल. "शेवटचा चांगला पीस किती वाजता मोजलास?" असं विचारा. या प्रश्नाला उत्तर देता येतं, त्यातून किती पीस वेगळे काढायचे ते कळतं आणि पोरगा चोर ठरत नाही. दीड मिनिटाचा सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ) आणि शेवटचं मोजमाप पाऊण तासापूर्वीचं असेल, तर ३० पीस बाजूला. हा हिशोब त्याच्यासमोर करा. दर तासाला का मोजायचं, ते त्याला तिथेच कळेल.

आणि एक सावधगिरी. असं वागायला लागलात की रिजेक्शन आधी कमी होणार नाही, वाढेल. लपलेले पीस बाहेर येतील. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या तुकड्यांमध्ये चुकांची नोंद जास्त निघाली. त्या तुकड्या जास्त चुकत होत्या असं नाही. तिथली माणसं चूक बोलून दाखवायला घाबरत नव्हती. तुमच्याही शॉपवर तेच होणार. म्हणून मॅनेजरसाहेबांना आधीच भेटा आणि स्पष्ट सांगा: "पहिले तीन-चार आठवडे आकडा वर जाईल, कारण लपवणं थांबेल. मला सहा आठवडे द्या. तोवर शॉपमधल्या रिजेक्शनपेक्षा फायनल इन्स्पेक्शनला किती सापडतं आणि ग्राहकाकडून किती परत येतं ते बघा." हे आधी सांगितलं तर तो अंदाज ठरतो, नंतर सांगितलं तर सबब. त्यांनी मान्य केलं नाही तरी सांगून ठेवा.

मुद्दाम केलेली लबाडी मात्र वेगळी. खोटं रीडिंग लिहिलं, नियम माहीत असून लाल पीस चांगल्या ट्रेमध्ये टाकला, तर बाजूला घेऊन बोला, आणि दुसऱ्यांदा झालं तर लेखी कारवाई करा. यात ढिलाई केलीत तर इमानदारीने लिहिणाऱ्याला आपणच मूर्ख आहोत असं वाटायला लागतं.

शिकवणं

नवीन पोराला मशीनच्या आवाजात एकदा दाखवायचं, "समजलं का?" विचारायचं, तो "हो साहेब" म्हणतो आणि आपण निघतो. हे शिकवणं झालं नाही. कुठलाही नवीन माणूस "नाही समजलं" म्हणत नाही.

वर ज्या कार्यक्रमाचा उल्लेख केला, त्यातली शिकवण्याची पद्धत चार पायऱ्यांची आहे आणि आजही तिच्यात बदलावं असं फार नाही. आधी माणसाला मोकळं करा आणि त्याला किती येतं ते विचारा. मग काम दाखवा: एकदा नुसत्या पायऱ्या, दुसऱ्यांदा प्रत्येक पायरीतली खुबी, तिसऱ्यांदा त्या खुबीमागचं कारण. मग त्याच्याकडून करून घ्या, आणि करताना कारणं त्याच्याच तोंडून वदवून घ्या. शेवटी त्याला एकटा सोडा, पण अडलं तर कुणाला विचारायचं ते नाव सांगा आणि सुरुवातीला वरचेवर चक्कर मारा, मग कमी करत न्या.

इन्सर्ट बदलणं हे काम पहिलं घ्या. कागदावर तीन रकाने पाडा. सीट हवेने आणि कापडाने साफ कर, कारण बारीक चिप राहिली की इन्सर्ट तिरका बसतो आणि तुटतो. स्क्रू बेताने आवळ, कारण जास्त आवळला की पुढच्या वेळी स्क्रू सुटत नाही आणि होल्डर जातो. जुन्या इन्सर्टच्या झिजेसाठी दिलेला वेअर ऑफसेट काढून टाक, कारण तो राहिला तर नवीन इन्सर्ट जास्त कापतो आणि पहिलाच पीस कमी साइजचा निघतो. पहिल्या पीसवर ०.२ मिमी माल ठेवून काप, मोज, मग साइजला आण. एवढंच. पण तिसरा रकाना, कारणाचा, रिकामा ठेवू नका. तुम्ही तिथे नसताना पोराच्या हाताला धरून ठेवतं ते कारण.

हा कागद एकट्याने केबिनमध्ये बसून बनवू नका. इथे तुमचे ते ज्येष्ठ ऑपरेटर येतात.

सगळे त्यांना विचारतात, मला नाही

यात तुमचा अपमान नाही. अडचण एवढीच आहे की कुठला प्रश्न त्यांचा आणि कुठला तुमचा, हे ठरलेलं नाही. शॉपवर नेतृत्व फक्त पदावरच्या माणसाकडे असतं असं नाही, आणि ते त्यांच्याकडून काढून घ्यायला गेलात तर हराल.

शिफ्ट संपल्यावर त्यांना एकटं गाठा. इतरांसमोर नको, केबिनमध्ये बोलावूनही नको. त्यांच्या मशीनपाशी जा. त्यांना काका म्हणत असाल तर काकाच म्हणा, सुपरवायझर झालात म्हणून आडनावावर येऊ नका. कामाचं बोला: "काका, इन्सर्ट बदलण्याचा आणि चकचे जॉ लावण्याचा कागद बनवायचाय. पायऱ्या मला येतात, खुबी तुमच्याकडे आहेत. आठवड्यात दोन दिवस अर्धा तास द्याल का? आणि नवीन दोन पोरं तुमच्या हाताखाली देऊ का?" त्यांनी होकार दिला तर तेवढ्या वेळाचं प्रॉडक्शन त्यांच्या टार्गेटमधून कमी करा. हे विसरलात तर तुम्ही त्यांच्यावर फुकटचं ओझं टाकलंत आणि ते बरोबर लक्षात ठेवतील. त्यांच्या वार्षिक मूल्यांकनात हे काम लिहिलं जाईल, हेही मॅनेजरसाहेबांकडून पक्कं करून घ्या.

सीमा स्वच्छ सांगा. सेटिंगचे, टूलचे, मालाचे प्रश्न काकांना विचारले तरी चालेल. मशीन थांबवायचं की नाही, अडवलेला माल सोडायचा की नाही आणि रजा द्यायची की नाही, हे तुमच्याकडे. त्यांनी नकार दिला तर राग धरू नका; एक महिन्याने परत विचारा. तोवर दुसऱ्या कुणाला तरी तयार करायला घ्या.

रजा, ओटी आणि मशीनवाटप

तुम्हाला हा कारकुनी भाग वाटत असेल, पण पोरं तुम्हाला सगळ्यात जास्त इथेच तोलतात. कुणाला रोज जुनाट, कूलंट गळणारं मशीन मिळतं आणि कुणाला दारापाशी पंख्याखालचं, हे शॉपवर सगळ्यांना पाठ असतं. आणि निम्मी माणसं तुमच्या जुन्या डब्याच्या टोळीतली असतील, तर तुम्ही निष्पक्ष असून भागत नाही, ते दिसावंही लागतं.

मशीनवाटपाचा तक्ता आठवड्याचा करा आणि शनिवारी लावा. अवघड मशीन फिरतं ठेवा. एखाद्याला फिरवता येत नसेल, कारण व्हीएमसी त्यालाच येतं, तर ते कारण तक्त्यावरच लिहा आणि दुसऱ्या कुणाला कधीपर्यंत शिकवणार ती तारीख टाका.

रजेत खरी कोंडी श्रावण-भाद्रपदात होते. श्रावणी अमावास्येला पोळा आणि तिथून चार दिवसांनी गणेश चतुर्थी. तुमच्या शिफ्टला मराठवाडा-विदर्भातली आणि कोकणातली दोन्हीकडची पोरं असतील, तर सगळे अर्ज एकाच आठवड्यात येतात. सहा आठवडे आधी मागण्या घ्या. एका वेळी किती जण गेले तर शिफ्ट चालते तो आकडा जाहीर करा. २२ मध्ये चारपेक्षा जास्त जमेल असं वाटत नाही, पण मोजून ठरवा. गेल्या वर्षी ज्याला नकार मिळाला त्याला यंदा आधी. कॉन्ट्रॅक्टच्या पोरालाही हाच नियम. नाहीतर तो विचारणारच नाही, सरळ गावी जाईल आणि फोन बंद ठेवेल.

ओव्हरटाइम नेहमी त्याच तिघांना देऊ नका, आणि नको म्हणणाऱ्याला पुढच्या आठवड्यात वाईट मशीन देऊ नका. ओटीचा दुप्पट दर कायद्यातच आहे, तो देऊन तुम्ही कुणावर मेहेरबानी करत नाही. पर्मनंट करण्याचं आश्वासन मात्र कुणालाही, कधीही देऊ नका. ते तुमच्या हातात नाही.

"बघतो" म्हणून सोडून दिलेल्या गोष्टींसाठी खिशात एक छोटी डायरी ठेवा. पंखा, गमबूट, गेटपास, पगारातली कपात, जे कुणी मागितलं ते नावासकट लिहा आणि दोन दिवसांत उत्तर द्या. "नाही" हेही उत्तर आहे, कारणासकट दिलं तर पोरं ते पचवतात. अनुत्तरित राहिलेल्या पाच गोष्टींनंतर सहावी कुणी सांगत नाही, आणि ती सहावी गोष्ट "साहेब, या मशीनचा आवाज बदललाय" ही असू शकते.

सकाळी सात

तुम्ही विचारलंत म्हणून उद्याचं सांगतो. पंधरा मिनिटं आधी जा. रात्रीच्या सुपरवायझरबरोबर केबिनमध्ये रजिस्टरवर सही करून हॅण्डओव्हर घेऊ नका, दोघं मशीनसमोरून चालत जा. सातला सगळ्यांना गोळा करा, पाच मिनिटं, उभ्यानेच. कालचा एक आकडा, आजचं काम, आणि एक कारण: "नऊ नंबरच्या लेथवरचा भाग आज आधी हवाय, कारण दुपारी दोनच्या गाडीत तो गेला नाही तर ग्राहकाची लाइन थांबते." मग एक प्रश्न: आज कुठे अडेल असं वाटतं? पहिले काही दिवस कुणी बोलणार नाही. शांतता सहन करा, आपणच उत्तर देऊ नका. कुणाचीही चूक या पाच मिनिटांत काढू नका. जुन्या मित्रांशी बाहेर चहा प्यायला जायला हरकत नाही; फक्त तिथे दुसऱ्या कुणाविषयी बोलू नका.

परत सेटर होण्याचा निर्णय आत्ता घेऊ नका. तीन महिने हे करून बघा. तेव्हा आकड्यापेक्षा स्वतःकडे बघा: पोराला तिसऱ्यांदा तेच शिकवताना तुमची चिडचिड होते की बरं वाटतं? नुसती चिडचिडच होत असेल, मशीनकडे हात वळवळत असतील, तर सेटर, टूल रूम किंवा प्रोसेस इंजिनिअरिंगकडे जाण्यात काही कमीपणा नाही. चांगला सेटर मिळणं सोपं नाही. फक्त तसं ठरलं तर तोंडी बोलण्यावर जाऊ नका. पगाराची श्रेणी तीच राहणार का, पुढची बढती तांत्रिक बाजूने मिळते का आणि तुमच्या शिफ्टला नवीन माणूस कधी येणार, हे तिन्ही एचआरकडून लेखी घ्या, आणि मगच अर्ज द्या.